२६/११ मुलांना सांगा, पण क्लिप दाखवून नको

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की २६/११ चे फोटो, व्हिडिओ आणि तेच ते फॉरवर्ड सगळीकडे फिरायला लागतात आणि आमच्या चौथी-पाचवीच्या वर्गात प्रश्न सुरू होतात. मी ठाण्यात प्राथमिक शाळेत शिकवते, बरीच वर्षं झाली. आता समोर बसलेल्या मुलांचा जन्म त्या हल्ल्याच्या कितीतरी नंतरचा आहे, त्यांच्यासाठी ते पानिपतासारखंच आपल्या जन्माआधी कधीतरी झालेलं काहीतरी आहे, पण पानिपताचं सीसीटीव्ही फुटेज नाही आणि याचं आहे, ते घरातल्या कुठल्याही मोबाईलवर दोन सेकंदात सापडतं, आणि ज्या सीएसटीवर ते झालं तिथून यातल्या कित्येकांचे आईबाबा रोज कामाला जातात.

म्हणून हे पत्र लिहितेय. मुलांना हे सांगायलाच पाहिजे, खरं सांगायला पाहिजे, आणि घरातल्या नाहीतर शाळेतल्या मोठ्या माणसाने समोर बसून आपल्या तोंडाने सांगायला पाहिजे. क्लिप लावणं म्हणजे सांगणं नव्हे. आणि स्टेजवर नाटक बसवणं तर नव्हेच नव्हे.

नाटकाचं आधी सांगते कारण त्याचा मला खरंच राग येतो. एका शाळेच्या कार्यक्रमात बघितलेलं आहे, पाठीवर सॅक, हातात प्लास्टिकच्या बंदुका, स्पीकरवरून गोळीबाराचा आवाज, दहा-बारा वर्षांची मुलं धडाधड खाली पडतायत आणि पहिल्या दोन रांगांमधे बसलीय बालवाडी आणि पहिली. त्यातली काही मुलं रडायला लागली, त्यांना बाईंनी उचलून बाहेर नेलं आणि नाटक तसंच पुढे चालू. ज्या मुलाला अतिरेक्याचं काम दिलं होतं त्याला नंतर कित्येक दिवस सगळे त्याच नावाने हाका मारत होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं काय खेळत होती ते सांगायची गरज नाही. शिक्षकांचा हेतू चांगलाच असणार, शहिदांना मानवंदना द्यायची होती, पण मुलांच्या लक्षात राहिली बंदूक. दहा वर्षांच्या मुलासमोर बंदूक आणली की तिच्या शेजारी उभं केलेलं काहीही फिकं पडतं, हे शाळेत काम करणाऱ्याला तरी माहीत असायला हवं.

याच्या उलट काही घरांमधे यावर एक शब्द बोलत नाहीत. अजून लहान आहे, कशाला घाबरवायचं, मोठा झाला की कळेल. आईबाबांचं मला समजतं, पण मूल तोपर्यंत थांबत नाही ना. ते व्हॅनमधे ऐकतं, मोठ्या भावाच्या फोनमधे बघतं, आणि तुकड्या तुकड्यात कळलेल्या गोष्टीच्या मधल्या जागा स्वतःच भरतं, आणि मुलांनी भरलेल्या जागा खऱ्यापेक्षा जास्त भयानक असतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तर तीच क्लिप पाच वेळा दिसली की पाच वेळा झालं असं वाटतं, किंवा आत्ता चालू आहे असं वाटतं. २०२५ च्या एप्रिलमधे पहलगामचा हल्ला झाला तेव्हा पण हेच झालं, मोठी माणसं दिवसभर फोन बघत बसलेली आणि मुलं त्यांच्या खांद्यावरून बघतायत. अमेरिकेत १९९५ मधे ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोट झाला होता, त्यानंतर तिथल्या शाळकरी मुलांचा अभ्यास झाला तेव्हा टीव्हीवर ती दृश्यं जास्त बघणाऱ्या मुलांमधे भीतीची लक्षणं जास्त दिसली होती, ज्यांच्या घरातलं कोणीच त्यात सापडलेलं नव्हतं अशा मुलांमधे सुद्धा. म्हणजे बातमी आपल्याला कळायला हवी हे बरोबर, पण ती मुलाच्या डोळ्यासमोर लावून ठेवायची काही गरज नाही.

आता सांगायचं कसं. मी आधी काहीच सांगत नाही, आधी विचारते, तुला काय माहितीय? यात निम्मं काम होतं. कोणी म्हणतं शंभर जण आले होते, कोणी म्हणतं विमानातून आले, एकाला वाटत होतं की ते लोक अजून ताजमधे लपलेत. ही शेवटची भीती घेऊन ते मूल किती दिवस फिरत असेल, आणि घरी कोणाला पत्ता पण नाही.

मग मी साधारण असं सांगते. तुम्ही जन्माला यायच्या आधी, २००८ साली २६ नोव्हेंबरला, बुधवारी रात्री, दहा माणसं पाकिस्तानातून समुद्रातून बोटीने मुंबईत आली. वाटेत त्यांनी कुबेर नावाची मच्छीमार बोट पळवली. इथे बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत ती माणसं उतरली, तिथल्या काही लोकांनी त्यांना बघितलं, कोण तुम्ही म्हणून हटकलं पण. मग दोन-दोन जण वेगवेगळ्या ठिकाणी गेले, सीएसटी स्टेशन, लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेल आणि नरिमन हाऊस हे ज्यू लोकांचं केंद्र. त्यांच्याकडे बंदुका आणि बॉम्ब होते आणि त्यांनी लोकांना मारलं, जे लोक नुसते गाडीची वाट बघत होते, जेवत होते, काम करत होते. १६६ माणसं गेली, तीनशेच्या आसपास जखमी झाली. पोलीस आणि कमांडो लढले आणि शनिवारी सकाळी ते संपलं. दहातले नऊ मारले गेले, एक जिवंत पकडला गेला. ते संपलं, हे मी दोनदा सांगते.

एवढंच. वर्णन नाही, रक्त नाही, कोण कसं पडलं ते नाही. यापुढचं मुलं विचारतील तेवढंच सांगायचं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तर याच्या निम्मं पण पुरतं, खूप वर्षांपूर्वी काही वाईट माणसांनी मुंबईत लोकांना मारलं, पोलिसांनी त्यांना थांबवलं, आता ते नाहीत, बस.

मात्र माणसांचं सांगताना मी थांबून सांगते आणि तिथे वर्ग एकदम शांत होतो. सीएसटीवर विष्णू झेंडे नावाचे अनाउन्सर होते, आपण रोज ऐकतो ना, फलाट क्रमांक अमुक वरची गाडी, तसं सांगणारे. त्यांनी वरच्या केबिनमधून गडबड बघितली आणि माइकवरून हिंदी-मराठीत सांगत राहिले, बाहेर पडा, या बाजूने जाऊ नका, मागच्या बाजूने जा. त्यांच्या केबिनवर गोळ्या झाडल्या तरी ते बोलत राहिले आणि लोकलच्या बाजूची कितीतरी माणसं वाचली. कामा हॉस्पिटलमधे अंजली कुलथे या नर्स ड्युटीवर होत्या, त्यांनी वॉर्डचे दरवाजे बंद केले, लाइट घालवले आणि बाळंतपणासाठी आलेल्या वीस बायकांना आतल्या छोट्या पॅन्ट्रीत नेऊन लपवलं. एकीला कळा सुरू झाल्या तर तिला धरून जिन्याने डिलिव्हरी रूममधे नेलं. याच कुलथे सिस्टर २०२२ मधे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर बोलल्या. ताजमधल्या स्टाफपैकी अनेकांना निघून जाता आलं असतं, पण पाहुण्यांना सोडून ते गेले नाहीत आणि काहींचा त्यात जीव गेला. आपलं काम करणारी ही माणसं, हातात बंदूक नसलेली, ती मुलांना फार पटकन कळतात कारण नर्स आणि अनाउन्सर त्यांच्या रोजच्या जगातले आहेत.

तुकाराम ओंबळे तर सगळ्यांना माहीतच हवेत. गिरगाव चौपाटीला नाकाबंदीत उभे होते, हातात फक्त काठी, आणि कसाबची रायफल त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या पण सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. २०२१ मधे आपल्याच ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. हे सांगितलं की मुलं कोळ्याबद्दल दहा प्रश्न विचारतात आणि मला ते आवडतं, कारण नाव लक्षात राहतं ते असं राहतं. तेव्हा शहीद झालेले पोलीस अधिकारी करकरे, कामटे, साळसकर आणि कमांडो मेजर उन्नीकृष्णन, हवालदार गजेंद्रसिंग, ही नावं पण सांगायची, पण नुसती पाठ करून घेऊन नाही.

नरिमन हाऊसमधल्या मोशेचं मी लहान मुलांना सांगत नाही. जेमतेम दोन वर्षांचा होता, त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी त्याला उचलून बाहेर आणलं, पण त्याचे आईवडील गेले. सातवी-आठवीला ही गोष्ट जरूर सांगा. आठ वर्षांच्या मुलाला मात्र त्यातून एकच ऐकू येतं, आईबाबा गेले, आणि मग ते रात्री झोपत नाही.

आता प्रश्न. हमखास पहिला येतो तो, ते परत येतील का? खूप पालक पटकन सांगून टाकतात, नाही रे, कधीच नाही. मी असं म्हणत नाही कारण ते माझ्या हातात नाही आणि मुलाला उद्या टीव्हीवर दुसरी बातमी दिसली की माझ्या बाकीच्या सगळ्या सांगण्यावरचा त्याचा विश्वास जातो. मी सांगते की असं फार क्वचित होतं, आणि ते होऊ नये म्हणून रोज हजारो माणसं काम करतायत. २६/११ नंतर एनआयए ही तपास यंत्रणा उभी राहिली, २००९ मधे मुंबईतच एनएसजीचं केंद्र झालं म्हणजे कमांडोंना दिल्लीहून यायला लागू नये, राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो दल उभं केलं, समुद्रात गस्त वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. मुलांना हे तपशील कंटाळवाणे वाटत नाहीत, उलट बोटीवरचे पोलीस म्हटलं की डोळे मोठे होतात. कोणीतरी लक्ष ठेवतंय हे ऐकायचं असतं त्यांना.

दुसरा प्रश्न, त्यांनी असं का केलं? मला विचाराल तर हा सगळ्यात अवघड. वेडे होते म्हणून, असं सांगू नका, ते वेडे नव्हते. लष्कर-ए-तोयबा नावाच्या संघटनेने ही तरुण मुलं निवडली, त्यांना ट्रेनिंग दिलं, त्यांच्या डोक्यात भरवलं की अमुक लोक शत्रू आहेत आणि त्यांना मारणं चांगलं काम आहे, आणि हल्ला चालू असताना पण पलीकडून फोनवर कोणीतरी त्यांना सांगत होतं की आता काय करा. मोठ्या माणसांनी तरुणांना खोटं शिकवलं आणि त्यांनी ते ऐकलं, हे मुलांना बरोबर कळतं. लोक घाबरावेत, एकमेकांवर संशय घ्यावा, हा त्यांचा उद्देश होता, हे पण सांगते.

आणि इथेच वर्गातल्या काही मुलांकडे बाकीची वळून बघतात. हे टाळता येत नाही म्हणून मी ते स्पष्टच बोलते, कोणी विचारायच्या आधी. सीएसटीवर आणि बाकी ठिकाणी मेलेल्यांमधे हिंदू होते तसे कितीतरी मुसलमान पण होते, ख्रिश्चन, ज्यू, परदेशी पाहुणे होते, सीएसटीवर गोळ्या झाडताना कोणी नाव विचारलं नव्हतं. आणि मेलेल्या नऊ अतिरेक्यांना दफन करायला मुंबईतल्या मुसलमानांच्या कब्रस्तानांनी जागा द्यायला नकार दिला, हे आमचे नाहीत म्हणून सांगितलं. हे ऐकल्यावर ज्या मुलाने मान खाली घातलेली असते ते मान वर करतं. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, घरी टीव्ही बघताना तोंडातून काय निघतं त्याच्यावर लक्ष ठेवा, ते वाक्य दुसऱ्या दिवशी डबा खाताना बाकावर जसंच्या तसं येतं आणि शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

तिसरा प्रश्न, कसाबचं काय झालं. इथे मला सांगायला आवडतं कारण २६ नोव्हेंबर हाच संविधान दिन पण आहे, १९४९ साली याच दिवशी आपलं संविधान स्वीकारलं गेलं, सकाळी आम्ही उद्देशिका म्हणतो आणि त्याच तासाला मुलं विचारतात की त्याला पकडल्यावर लगेच का नाही मारलं. मी सांगते, त्याला वकील दिला, साक्षीदार आले, तुमच्याच वयाची एक मुलगी, जिला सीएसटीवर पायाला गोळी लागली होती, ती पण कुबडी घेऊन कोर्टात आली आणि तिने त्याला ओळखलं. २०१० मधे विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, मग राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, तो पण फेटाळला गेला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला पुण्यात येरवड्याला फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते, त्यांच्याविरुद्ध पुरावा पुरेसा नव्हता म्हणून ते सुटले. हे शेवटचं मी मुद्दाम सांगते. इतका राग असताना सुद्धा कोर्टाने पुरावा मागितला, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मुलांना दिसायला हवा. एखादं मूल फाशीबद्दल पण विचारतं, मग त्याची आई रडली असेल का? त्याला गप्प करू नका. असेल, म्हणा.

मोठ्या मुलांचं, आठवीपासून पुढच्यांचं, वेगळं आहे. त्यांनी सगळं बघितलेलं असतं, अतिरेक्यांचं फोनवरचं संभाषण पण ऐकलेलं असतं, त्यांना लपवण्यात काही अर्थ नाही. त्यांच्याशी आपण बातमी कशी बघतो यावर बोला. तेव्हा चॅनेल्सनी ताज आणि नरिमन हाऊस लाइव्ह दाखवलं, कमांडो कुठे उतरतायत ते सगळ्या जगाला दिसत होतं आणि पलीकडे बसून सूचना देणाऱ्यांना पण. २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने यावरून चॅनेल्सना चांगलंच सुनावलं आणि २०१५ मधे नियम आला की अशी कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवायचं नाही, ठरलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढंच. त्या शुक्रवारी सीएसटीला परत फायरिंग सुरू झाल्याची अफवा पसरली होती आणि लोक सैरावैरा पळाले होते, तेव्हा तर व्हॉट्सॲप पण नव्हतं. आज प्रत्येक पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात एक चॅनेल आहे. पोलीस कुठे उभे आहेत त्याचा व्हिडिओ टाकायचा नाही, खात्री नसलेला मेसेज पुढे ढकलायचा नाही, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगता येतं, आणि आपण काहीतरी करू शकतो असं वाटलं की या वयाच्या मुलांची भीती पण कमी होते असं मी बघितलंय.

अजून एक, मुंबई थांबत नाही, दुसऱ्या दिवशी लोकल चालू झाल्या, हे कौतुकाने सांगतात ना, ते मुलांसमोर जरा जपून. लोक कामावर गेले कारण जावं लागत होतं. सीएसटीवर गेलेल्या पन्नासहून जास्त माणसांमधे लांबच्या गाडीची वाट बघत सामानावर बसलेली कुटुंबं होती, त्यांच्या घरी सगळं थांबलंच. घाबरलेल्या मुलाला आपण सांगतो की बघ मुंबई घाबरली नाही, तर त्याला वाटतं मी घाबरलो म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. घाबरणं बरोबर आहे, आम्ही पण घाबरलो होतो, असं सांगा. आणि सांगून झाल्यावर पुढचे काही दिवस लक्ष ठेवा, मूल एकटं झोपायला तयार नसेल, शाळेला जाताना चिकटून राहत असेल, परत परत तोच खेळ खेळत असेल, पोट दुखतंय म्हणत असेल तर रागवू नका, परत बोला, आणि दोन-तीन आठवड्यांनी सुद्धा तसंच असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवा.

संपादक साहेब, आपल्याकडे एक मागणं आहे. दरवर्षी २६ नोव्हेंबरच्या अंकात पहिल्या पानावर जळणाऱ्या ताजचा फोटो आणि हातात रायफल घेतलेल्या कसाबचा फोटो असतो, पेपर घरात टेबलावर पडलेला असतो आणि तो आधी मुलांच्याच हातात जातो. यावर्षी मुलांच्या पुरवणीत एक पान द्या, मोठ्या अक्षरात, त्या दोन फोटोंशिवाय, झेंडे आणि कुलथे आणि ओंबळे यांच्याबद्दल, आणि खाली पालकांसाठी चार ओळी की हे पान मुलासोबत बसून वाचा. जमलं तर मुलांना प्रश्न पाठवायला सांगा आणि पुढच्या रविवारी त्यांची उत्तरं छापा, उत्तरं लिहायला पोलीस, डॉक्टर, वकील यांना बोलवा. आमच्या वर्गातले प्रश्न मी मुलांच्याच अक्षरात जमवून पाठवते, अंक निघायच्या आठवडाभर आधी आपल्या कार्यालयात पोचतील.

आपली नियमित वाचक,
एक प्राथमिक शिक्षिका, ठाणे